नमुना सतरा

आमचं आडनाव भावसार.
मामांची नखं मरेपर्यंत निळी होती.
ते सांगायचे, रंग एकटा कापडावर थांबत नाही,
त्याला धातूचा हात लागतो:
तुरटी, हिराकस, चिमूटभर मोरचूद.
धातू मध्ये उभा राहतो, एका हाताने धागा धरतो, दुसऱ्याने रंग,
मग धुवा, पिळा, उन्हात टाका, सुटायचा नाही.

मी तेच उलटं करते
बडोद्यात, कलाभवनाच्या मागच्या प्रयोगशाळेत,
जिथे पंखा तीनवर ठेवला तर कागद उडतात
आणि दोनवर ठेवला तर घाम वहीत पडतो.
कापसाचा धागा, सोळा तास द्रावणात,
मग अंधारात वाळवायचा.
रंग त्यात आधीच दबा धरून बसलेला,
दिसत नाही.
क्रोमियम आलं की जांभळा.

कारखान्यांच्या पलीकडचं एक गाव.
नाव लिहीत नाही, रजिस्टरात ते नमुना सतरा आहे.
जीवीबेननी हापशाचं पाणी लोट्यात आणलं,
आरपार, गार,
आणि आधी मलाच प्यायला दिलं.
मी म्हटलं, नंतर.
धागा सोडला, मोजायला लागले.
अकराव्या सेकंदाला टोक गुलाबी,
मग पिकत आलेल्या जांभळासारखं.

"केटलो सरस रंग!" त्या म्हणाल्या,
"सुनेच्या चणियाला असा शोधला, मिळाला नाही."

गुजरातीत वाईट बातमी सांगायचं माझं व्याकरण कच्चं.
क्रियापद चुकलं.
त्यांना कळलं तरी.
लोटा तुळशीत ओतायला नेला,
कुंडीपाशी थांबल्या,
परत आणला.
तो ठेवायचा कुठे, दोघींनाही सुचेना.

रीळ देऊन आले. तीस मीटर.
सूचना दिल्या:
ओल्या हाताने धरू नका. उन्हात ठेवू नका.
याला एकच प्रश्न येतो,
शिसं असलं तर हा गप्प बसेल,
पांढरा म्हणजे चांगलं पाणी असं समजू नका.
आणि रंग संध्याकाळपर्यंत उडतो,
म्हणून लगेच वहीत लिहा.
"लखतां नथी आवडतुं," त्या म्हणाल्या.
लिहिता येत नाही.
मी मान हलवली, बस पकडली.

दाभोळे सरांनी अहवाल पाठवला.
जावक क्रमांक आहे माझ्याकडे.

तीन आठवड्यांनी गेले
तर प्रत्येक हापशाच्या दांड्याला धागा बांधलेला,
सगळे पांढरेफटक.
माझ्या पोटात गोळा आला:
रंग उडालाय, बायका पाणी भरतायत.
जीवीबेननी माझं बोट धरून धाग्यावरून फिरवलं.
एक गाठ.
जांभळा झाला की गाठ मारायची,
लवकर झाला की दोन.
रंग जातो, गाठ कुठे जाते?
देवळामागच्या हापशाचा धागा सरळ होता, बोट अडलं नाही,
आणि घागरींची रांग तिथे.

अकरा महिने त्या रेणूवर काम केलं मी,
रंग टिकत नाही म्हणून दोन निबंध परत आले.
गाठ आम्हाला कुणालाच सुचली नव्हती.
मामांना सुचली असती,
बांधणीचं कापड त्यांच्याकडेच यायचं.

काल रात्री फोन वाजला.
मी भांडी घासत होते, नळ चालू.
"बेन," त्या म्हणाल्या, "धोळो खलास."
पांढरा संपला.

मी नळ बंद केला.
विचारलं, रीळ संपलं,
का देवळामागचा?

पलीकडे कुणीतरी हापसा मारत होतं,
लोखंडावर लोखंड,
पाणी यायच्या आधीचा तो कोरडा आवाज.
"बोला," मी म्हटलं, "जीवीबेन, कुठलं?"